मराठी वाचकांची ऑल टाइम फेव्हरेट पुस्तकं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि माझी थोडी आगाऊ उत्तरं)

फेव्हरेट पुस्तक आणि बेस्ट पुस्तक एकच ना?

नाही हो. बेस्ट कुठलं ते परीक्षक, प्राध्यापक, पुरस्कार समित्या ठरवतात, आणि ठरवू देत, त्यांचं कामच आहे ते. फेव्हरेट म्हणजे ज्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की आपला आवाज चढतो. मराठी वाचकांना फेव्हरेट विचारलं की थोड्याफार फरकानं तीच नावं येतात, मृत्युंजय, श्यामची आई, व्यक्ती आणि वल्ली, कोसला, बनगरवाडी, ययाती, स्वामी, स्मृतिचित्रे, आणि वय जरा कमी असेल तर शाळा, दुनियादारी, पार्टनर. या यादीकडे बराच वेळ बघत बसलं की एक गोष्ट दिसायला लागते, निदान मला तरी दिसते. यातल्या बहुतेक पुस्तकांची गोष्ट काय आहे हे लोकांना धड सांगता येत नाही पण माणसं मात्र तोंडपाठ असतात. कर्ण, श्याम, अंतू बर्वा, पांडुरंग सांगवीकर, बनगरवाडीचा कारभारी. आपण पुस्तकाच्या नाही, त्यातल्या एखाद्या माणसाच्या प्रेमात पडतो असं माझं मत आहे. खालची बरीच उत्तरं याच मतावर उभी आहेत, पटलं नाही तर भांडा.

मृत्युंजय प्रत्येकाच्या लिस्टमध्ये का असतं?

कारण कर्ण. १९६७ साली ही कादंबरी आली तेव्हा शिवाजी सावंतांनी तिशीही ओलांडलेली नव्हती, आणि त्या वयाचा जोर पानापानात दिसतो. रचना साधी वाटते पण हुशार आहे. कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्ण. म्हणजे एकाच माणसाकडे सहा जण सहा बाजूंनी बघतात, आणि गंमत म्हणजे त्याच्या विरुद्ध बोलणारा त्यात जवळजवळ कुणीच नाही! वाचकाला वाटतं आपण सगळ्या बाजू ऐकल्या, प्रत्यक्षात आपण कर्णाच्याच वकिलांची भाषणं ऐकत असतो. पण एवढं सुंदर बोलतात सगळे की लक्षातच येत नाही, आणि आलं तरी राग येत नाही.

दुसरं कारण वाचकाच्या बाजूचं आहे. हे पुस्तक बहुतेक जण पंधरा ते वीस या वयात वाचतात, आणि त्या वयात प्रत्येकाला आपल्यावर अन्याय झालाय असं वाटतच असतं, आपली खरी लायकी कुणाला कळलेली नाही, मित्रच काय ते आपले, घरचे कुठे समजून घेतात वगैरे. अशा वेळी कवचकुंडलं देऊन टाकणारा, सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला, मैत्रीसाठी जीव देणारा माणूस हातात आला की संपलंच. चाळिशीत पहिल्यांदा मृत्युंजय वाचणाऱ्यांना ते आवडतं, पण त्या वेडानं नाही, असं मी पाहिलंय. भाषा फार अलंकारिक आहे अशी तक्रार तेव्हा सुचते. तक्रार खरी आहे. पण सोळाव्या वर्षी तीच भाषा मोठ्यानं वाचली जाते, वहीत उतरवून घेतली जाते.

कर्ण एवढा महान होता का खरंच?

आता यासाठी युगान्त वाचा. इरावती कर्वेंचं हे पुस्तकही १९६७चंच आहे आणि १९६८ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच वर्षी मराठीत कर्णाला डोक्यावर घेणारं एक पुस्तक यावं आणि त्याच महाभारतातल्या सगळ्यांना, कर्णालाही, शांतपणे समोर बसवून प्रश्न विचारणारं दुसरं यावं, हा योगायोग मला फार आवडतो. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या, त्या कुणालाच देव करत नाहीत आणि कुणाला सैतानही करत नाहीत. भर सभेत द्रौपदीची विटंबना होत होती तेव्हा कर्ण गप्प नव्हता, बोलला होता, आणि फार वाईट बोलला होता, हे महाभारतातच आहे. मृत्युंजय वाचताना आपण तिथेही त्याच्या बाजूनं कारणं शोधत राहतो. युगान्त ती सोय ठेवत नाही.

आधी कुठलं वाचू असं विचाराल तर मृत्युंजय आधी. उलट क्रमानं वाचलेल्यांना सावंतांची कादंबरी मनापासून एन्जॉय करता येत नाही, सारखं मनात इरावतीबाई खोकत असतात.

श्यामची आई फार रडकं आहे असं सगळे म्हणतात, मग लोकांना आवडतं का?

रडकं आहेच, नाही कशाला म्हणा. पण ते फक्त रडकं असतं तर १९३५पासून आजपर्यंत टिकलं नसतं, रडवणारी पुस्तकं काय कमी आली मराठीत? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो अशी रचना आहे, एकूण ४२ रात्री. म्हणजे बघा, ते आईचं चरित्र नाही, तिची गोष्टही सलग नाही, एक मोठा झालेला माणूस रात्री मित्रांसमोर बसून आठवणी काढतोय एवढंच. त्या बैठकीत आपण जाऊन बसतो म्हणून ते पुस्तक लागतं.

आणि आई फक्त मायाळू नाहीये हे लोक विसरतात. पोहायला घाबरून लपलेल्या पोराला ती शिंपटीनं झोडपून विहिरीवर पाठवते. कळ्या तोडून आणल्या तर त्याबद्दल बोलते, ती 'मुकी फुले'ची रात्र. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागेल म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी पदर पसरते खरी, पण लगेच मनाला घाण लागू नये म्हणूनही असंच जप असं सुनावतेही. या बाईला कणा आहे. गरिबी वाढत जाते, अपमान होतात, आणि ती मोडत मोडत ताठ राहते. लहानपणी वाचताना आपण श्याम असतो, पुढे कधीतरी परत वाचलं की अचानक लक्ष आईच्या वयाकडे जातं. ती म्हातारी नाहीये हो. लहानपणी ती म्हातारी वाटलेली असते, आणि हा धक्का मला पुस्तकातल्या कुठल्याही करुण प्रसंगापेक्षा मोठा वाटतो.

उपदेश जास्त आहे? आहे. उपदेशाचे परिच्छेद वगळून वाचलं तरी काही पाप लागत नाही.

कोसला मला जाम बोअर झालं. माझ्यात काही प्रॉब्लेम आहे का?

नाही. किंवा असलाच तर तो कोसलामुळे कळणार नाही.

कोसला १९६३ची. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचाच. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला मुलगा, होस्टेल, मेस, गॅदरिंग, मित्र, परीक्षा, आणि मग सगळं सोडून परत गाव. प्लॉट विचाराल तर एवढाच. लोक बोअर होतात ते याच्यामुळे, कारण काहीतरी घडेल म्हणून वाट बघत बसतात. कोसला घडण्यासाठी वाचायची नाहीच, ऐकण्यासाठी वाचायची. पहिल्याच ओळीत तो आपलं वय सांगताना 'उदाहरणार्थ' म्हणतो, आणि तिथेच कळतं की हा माणूस सरळ बोलणार नाही, प्रत्येक गंभीर गोष्टीच्या शेपटीला 'वगैरे' लावणार. हे सगळं हसत हसत चालू असतं आणि मग मनी जाते, त्याची धाकटी बहीण. त्या पानांवर तोच तिरकसपणा अपुरा पडतो, फाटतो. मराठीत मरणावर इतकं उघडं लिहिलेलं फार कमी आहे. तिथपर्यंत पोचला नसाल तर एकदा पोचून बघा, मग खुशाल सोडा.

अजून एक, कोसला आवडणाऱ्यांचा एक पंथ आहे आणि तो बाकीच्यांना जरा खालच्या नजरेनं बघतो, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. अर्पणपत्रिका 'शंभरातील नव्व्याण्णवांस' अशी आहे, आणि हे सगळे स्वतःला शंभरावा समजतात!

पुलंचं एकच पुस्तक निवडायचं तर?

व्यक्ती आणि वल्ली. बटाट्याची चाळ म्हणणारे भेटतील, त्यांचंही बरोबर आहे, पण माझं मत व्यक्ती आणि वल्लीला. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच मिळाला, म्हणजे विनोदी लेखन हलकं असतं असं म्हणणाऱ्यांचं तोंड तेव्हाच बंद व्हायला हवं होतं.

हे पुस्तक म्हणजे वरच्या माझ्या मताचा सरळ पुरावा आहे, कारण यात माणसांशिवाय दुसरं काहीच नाही. लग्नघरात राबणारा नारायण, इतिहासात राहणारे हरितात्या, रत्नागिरीचा अंतू बर्वा, चितळे मास्तर, नंदा प्रधान. लोक हसण्यासाठी हातात घेतात आणि नंदा प्रधानपाशी आल्यावर गप्प होतात. अंतू बर्व्याचं तर असं आहे की त्याची वाक्यं लोक पार्टीत म्हणून दाखवतात, टाळ्या घेतात, पण त्या खवचटपणाच्या खाली केवढं एकटेपण आहे ते पहिल्या वाचनात निसटतं. पुलं ते दाखवत नाहीत, नुसतं बाजूला ठेवून देतात, आपल्याला दिसलं तर दिसलं.

आणि आपल्यासारख्या वाचनवेड्यांसाठी आरसा हवा असेल तर सखाराम गटणे आहेच. छापील बोलणारा, पुस्तकांनी भरून गेलेला मुलगा. मी गटणेवर हसणं बरंच आधी बंद केलंय, कारणं उघड आहेत.

आत्मचरित्रं एवढी का आवडतात मराठी लोकांना?

दुसऱ्याच्या घरात डोकावायला मिळतं म्हणून, हे प्रामाणिक उत्तर झालं. पण नुसतं डोकावणं असतं तर राजकारण्यांची जाडजूड आत्मचरित्रंही फेव्हरेट झाली असती, ती होत नाहीत.

स्मृतिचित्रे घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं, १९३४पासून भागाभागानं आलेलं. नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी, मनस्वी माणूस, घरात पैसे टिकू न देणारा, आणि एक दिवस ख्रिस्ती होतो. १८९५ सालची गोष्ट. त्या काळात त्या बाईवर काय कोसळलं असेल याचा विचार करा. आणि ही बाई ते सगळं कसं सांगते तर समोर बसून शेजारणीला सांगावं तसं, स्वतःची फजिती आधी, दुःख नंतर, आणि नवऱ्याबद्दल राग, प्रेम, वैताग सगळं एकाच वाक्यात. शाळेत न गेलेल्या बाईचं गद्य आहे हे, आणि मराठीत इतकं स्वच्छ गद्य मोठमोठ्या विद्वानांना जमलेलं नाही. कुठेही पान उघडा, दोन मिनिटांत हसू येतं. कुणी एकच मराठी पुस्तक विचारलं तर माझं उत्तर हेच असतं, मृत्युंजयवाले रागावले तरी.

बलुतं वेगळ्या कारणानं लोकांच्या मनात बसलंय, ते 'आवडलं' म्हणायला जीभच रेटत नाही कधीकधी. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ साली आलं आणि मराठी वाचकाला हादरा बसला. त्यात लिहिणारा दया पवार आणि भोगणारा दगडू मारुती पवार असे दोन आहेत, दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. शिकून सवरून वर आलेल्या माणसाला आपल्याच मागच्या आयुष्याशी असं बोलावं लागतं, त्याची लाजही वाटते आणि लाज वाटल्याचीही लाज वाटते, हे त्या रचनेतच आलंय. अशा पुस्तकाला फेव्हरेट म्हणावं का यावर वाद घालता येईल. मी म्हणतो म्हणावं, फेव्हरेट म्हणजे गोडच असलं पाहिजे असं कुठे आहे.

आणि आहे मनोहर तरी, पुलंच्या पत्नी सुनीताबाईंचं, १९९०. पुलंप्रेमी त्याच्यावर तेव्हाही चिडले आणि अजून काही जण चिडतात, कारण आपल्या लाडक्या माणसाचा संसार आतून कसा दिसतो हे कुणाला बघायचं नसतं. मला ते पुस्तक पुलंबद्दलचं वाटतच नाही. ते एका कडक, हुशार, स्वतःलाही न सोडणाऱ्या बाईबद्दल आहे.

ऐतिहासिक कादंबरीतला इतिहास खरा मानायचा का?

नाही. पुढचा प्रश्न.

बरं थोडं सांगतो. स्वामी वाचून माधवराव पेशव्यांच्या आणि रमाबाईंच्या प्रेमात पडलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि पानिपत वाचल्यावर सदाशिवरावभाऊंबद्दल मत बदललेली तर कितीतरी. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ची, आणि १४ जानेवारी १७६१ला काय होणार हे प्रत्येकाला माहीत असूनही लोक शेवटची शंभर पानं रात्रभर जागून वाचतात, म्हणजे सस्पेन्स नावाची गोष्ट शेवट लपवण्यावर अवलंबून नसते हे सिद्धच झालं. पण संवाद लेखकाचे असतात, मनातले विचार लेखकाचे असतात, हे विसरून लोक वादात कादंबरीतले डायलॉग पुरावा म्हणून देतात तेव्हा कपाळावर हात मारायची वेळ येते. श्रीमान योगी हातात घेतलीत तर नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना गाळू नका. बरेच जण गाळतात. इतिहासातला शिवाजी समजून घेणं किती अवघड आहे यावरच ती आहे, आणि काही वाचकांना तर कादंबरीपेक्षा तीच जास्त लक्षात राहिलीय.

वपु किंवा दुनियादारी आवडतं म्हटलं की लोक नाक का मुरडतात?

कारण नाक मुरडायला काही वाचावं लागत नाही.

सुहास शिरवळकरांची दुनियादारी कॉलेजच्या कट्ट्यावर हातोहात फिरली, कव्हर फाटेपर्यंत, समीक्षकांनी दखल घेवो न घेवो. श्रेयस, दिग्या आणि ती सगळी गँग, बारमध्ये बसून तत्त्वज्ञान ऐकवणारा एम. के. त्या वयात आपल्यालाही असा एक एम. के. भेटावा असं वाटतं. शिरवळकरांची वाक्यं छोटी, वेगवान, संवाद कानाला खरे लागतात. पुस्तकांपासून लांब पळणाऱ्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली जाड कादंबरी पूर्ण वाचली ती ही, या एकाच गोष्टीसाठी शिरवळकरांचे आभार मानायला हवेत.

वपुंचं थोडं वेगळं. पार्टनर कादंबरी म्हणून खरंच छान आहे. वपुर्झा मात्र मी एका दमात वाचू नका असं सांगेन, ते कुठलंही पान उघडून एक परिच्छेद वाचून मिटायचं पुस्तक आहे, सलग वाचलं तर सुविचारांचं अजीर्ण होतं. आणि आता वपुंच्या नावावर इतकी न लिहिलेली वाक्यं फिरत असतात की मूळ पुस्तकात बघून खात्री केलेली बरी.

पिक्चर पाहिला असेल तर पुस्तक वाचायची गरज आहे?

आहे. शाळा हे सोपं उदाहरण. मिलिंद बोकीलांच्या कादंबरीतलं नववीचं वर्ष, आणीबाणीचा काळ, मुकुंद जोशी आणि शिरोडकर, हे सगळं पडद्यावर येतं, पण जोशीच्या डोक्यात चाललेली बडबड येत नाही, आणि खरं पुस्तक ती बडबड आहे. त्या वयातल्या मुलांची भाषा, शिव्या, टोपणनावं, मुलींकडे बघायची ती भित्री धिटाई, बोकीलांनी काहीही गोड न करता लिहिलंय. बनगरवाडीचंही तेच, अमोल पालेकरांचा सिनेमा चांगला आहे पण व्यंकटेश माडगूळकरांच्या छोट्या कोरड्या वाक्यांमधून जो माळ दिसतो तो कॅमेऱ्यात मावत नाही. जेमतेम दीडेकशे पानं असतील, एका दिवसात होतं. धनगरांच्या वस्तीत आलेला तरुण मास्तर, हळूहळू त्यांचा झालेला, आणि मग दुष्काळ. यापुढे सांगत नाही.

भाषांतरित पुस्तक मराठी फेव्हरेट म्हणून चालेल का?

का नाही चालणार! पाडस आठवा. मूळ अमेरिकन कादंबरी मार्जरी रॉलिंग्जची, १९३८ची, पण राम पटवर्धनांनी ती मराठीत अशी आणली की ज्योडी आणि त्याचं ते हरणाचं पिल्लू कितीतरी मराठी वाचकांच्या बालपणाचाच भाग होऊन बसलं. शेवट माहीत असूनही दुसऱ्यांदा वाचताना लोक आशा करतात की या वेळी तसं होणार नाही. शांता शेळक्यांचं चौघीजणी, म्हणजे मूळचं लिटल वुमेन, असंच, ज्योच्या प्रेमात पडून लिहायला लागलेल्या मराठी मुली मला माहीत आहेत. एक होता कार्व्हर तर भाषांतर नाहीच, वीणा गवाणकरांनी मराठीतच लिहिलेलं चरित्र, १९८१चं. गुलामीत जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय मुलाचा शेतीशास्त्रज्ञ होईपर्यंतचा प्रवास. टस्कीगी नावाची संस्था नकाशात कुठे आहे ते माहीत नसलेल्या वाचकालाही जॉर्ज कार्व्हर आपल्या घरातला वाटतो.

हे सगळं माणसांचंच झालं. ज्यात कामच हीरो आहे असं काही फेव्हरेट आहे का?

रारंगढांग. प्रभाकर पेंढारकरांची. हिमालयातला एक सरळसोट कडा, त्यातून रस्ता काढायचा, सैन्याची शिस्त, आणि मुंबईची नोकरी सोडून आलेला विश्वनाथ मेहेंदळे हा सिव्हिल इंजिनियर. सुरुंग, दरडी, मजूर, थंडी, यावर पानंच्या पानं आणि एक ओळ कंटाळवाणी नाही. माझं माणसांबद्दलचं लाडकं मत इथे जरा लंगडतं हे खरं, कारण विश्वनाथपेक्षा तो डोंगर जास्त लक्षात राहतो. पण मजुरांच्या जिवासाठी तो नियम मोडतो, कोर्ट मार्शल होतं, आणि आपण परत माणसापाशीच येतो. इंजिनियर लोकांचं हे खास आवडतं पुस्तक आहे, आणि इंजिनियर सहसा पुस्तकाबद्दल हळवे होत नाहीत म्हणून ती शिफारस मी वजनदार मानतो.

लहानपणीचं फेव्हरेट मोठेपणी परत वाचावं का? भ्रमनिरास होईल ना?

पुस्तकावर अवलंबून आहे. फास्टर फेणे परत वाचा, बिनधास्त. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा काटकुळा पोरगा, तोंडातून 'ट्टॉक' काढत भलत्याच भानगडीत घुसणारा, अजूनही तितकाच पळतो. भागवत मुलांना वरून खाली बघत नाहीत, त्यांच्याबरोबर धावतात, म्हणून ते जुनं होत नाही. ताम्हनकरांचा गोट्या मात्र परत वाचताना जरा जास्तच गुणी वाटू शकतो, इतका चांगला मुलगा वर्गात असता तर आपण त्याच्याशी बोललो नसतो. पण लहानपणी तो आवडलाच होता, आणि ते आवडणं खोटं नव्हतं.

कवितेचं पुस्तक कुणी फेव्हरेट सांगत नाही, असं का?

सांगतात की, पुस्तक म्हणून न सांगता ओळी म्हणून दाखवतात. कुसुमाग्रजांचं विशाखा १९४२चं, त्यातल्या कविता पाठ असलेली माणसं अजून भेटतात. पण मी इथे बहिणाबाईंबद्दलच बोलणार. खानदेशातली शेतकरी बाई, लिहिता वाचता येत नाही, जात्यावर आणि शेतात गाणी रचते. ती गेली १९५१ला आणि तिच्या मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून जपलेली गाणी १९५२ साली पुस्तक होऊन आली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ज्या बाईला स्वतःचं पुस्तक वाचता आलं नसतं तिचं पुस्तक मराठीतल्या सगळ्यात जास्त प्रेम मिळालेल्या पुस्तकांत आहे. मन वढाय वढाय ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून दाखवा.

ऑडिओबुक ऐकलं तर वाचलं म्हणायचं का?

ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली असं परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग आपल्यातल्या बहुतेकांनी आधी ऐकले, मग वाचले. आणि अंतू बर्वा तर पुलंच्या आवाजातच ऐकू येतो, छापील पानावरसुद्धा. तेव्हा म्हणा खुशाल.

पात्रांवर एवढं प्रेम हे आपल्याकडचंच वेड आहे का?

छे. आर्थर कॉनन डॉयलनं १८९३मध्ये शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून संपवला कारण त्याला स्वतःलाच त्याचा कंटाळा आला होता, तर वाचक इतके खवळले, पत्रांवर पत्रं, मासिकाची वर्गणी बंद केली लोकांनी, आणि शेवटी १९०३मध्ये होम्सला जिवंत परत आणावं लागलं. लेखकाचा आपल्या पात्रावरचा हक्क वाचकांनी काढून घेतला, सरळ. वाचक सगळीकडचे सारखेच.

कधीच न वाचणाऱ्या मित्राला पहिलं पुस्तक कुठलं देऊ?

तुमचं फेव्हरेट देऊ नका, ही पहिली अट. त्याला ते आवडलं नाही तर तुम्हाला राग येणार आणि मैत्रीत उगाच खोट. तो माणूस कसा आहे ते बघा. गप्पिष्ट असेल तर व्यक्ती आणि वल्ली, मधलंच एखादं प्रकरण उघडून द्या, पहिल्यापासून वाच म्हणू नका. कमी बोलणारा असेल तर बनगरवाडी. ऑफिसवर चिडलेला असेल तर रारंगढांग. प्रेमात पडलेला असेल तर सध्या काहीच देऊ नका, तो वाचणार नाही.

या सगळ्यात जी. ए. कुलकर्णी कुठे आहेत?

मला वाटलंच हा प्रश्न येणार. जीएंचे वाचक संख्येनं कमी आणि निष्ठेनं भारी. काजळमाया, पिंगळावेळ, हिरवे रावे, या त्यांच्या कथासंग्रहांतल्या माणसांवर सहज प्रेम करता येत नाही, बहुतेकांना नियती आधीच गाठून बसलेली असते आणि आपण हताशपणे बघत राहतो. म्हणून ते वरच्या यादीत पटकन येत नाहीत, आणि माझ्या मताला सगळ्यात मोठा धक्का कुणी देत असेल तर तेच. तरी ज्याला जीए लागले त्याला बाकी सगळं काही काळ पातळ वाटतं. सुरुवात करायची असेल तर हिरवे रावे किंवा पारवापासून करा, पिंगळावेळमध्ये एकदम उडी मारू नका, आणि रात्री झोपताना तर नकोच.